पाईप किती वर्षं उन्हात होता?

तलासरी,
१२ मार्च २०१७

नितीन,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला की दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काही होत नाही. म्हणून नरपडला तुझ्या आईकडून पुण्याच्या खोलीचा पत्ता घेतला आणि हे पोस्टात टाकतेय. काकू म्हणाल्या, "पत्र? तुम्ही दोघं तर कॉम्प्युटरवाले ना गो?" मी म्हटलं, कॉम्प्युटर बंद पडलाय.

रागावून लिहीत नाहीये. एकच विचारायचंय.

काल संगणक वर्गातली मुलं घरी गेल्यावर आपल्या बटाट्याच्या तोफेच्या प्रोग्रामची, 'तोफगणित'ची, नवी आवृत्ती उतरवून घेतली. देखणी केली आहेस. बटाटा नळीतून पुढे सरकतो तशी दाबाची रेघ खाली उतरत जाते, ते आता हलतं दिसतं. नळी किती लांब झाली की बटाटा वेग घ्यायचा थांबतो आणि नुसता घासत राहतो, ती जागा लाल ठिपक्याने दाखवली आहेस, तेही आवडलं. पॉलिटेक्निकला असताना आपण हीच गोष्ट शोधायला प्रत्येक वेळी हातभर नळी करवतीने कापायचो आणि ओहोटीला नरपडच्या किनाऱ्यावर पुन्हा बटाटा उडवायचो. कोळणी हसायच्या. एकीने तर विचारलं होतं, "भाजी करायची नसंल तर आमाला द्या ना."

पण चौथा प्रश्न कुठे गेला?

पहिले तीन आहेत. टाकीत हवा किती मावते, नळी केवढी, पाईपवर किती किलो दाबाचा शिक्का आहे. चौथा होता, 'पाईप किती वर्षं उन्हात होता?' तो आता येतच नाही. मी आमच्या घरामागे पडलेल्या सहा किलोच्या पाईपची मापं भरून पाहिली. तोच, ज्यावर पाय पडला तरी तडकतो. प्रोग्रामने हिरवी खूण दाखवली. 'चालेल.'

चुकून राहिला असेल. नवं काही करताना जुनं गळतं, हे मलाही कळतं. पण हा प्रश्न गळून चालणार नाही. परदेशातल्या हौशी लोकांनी केलेले ते दोन-तीन प्रोग्राम आपण आधी वापरले, ते का सोडले ते आठव. त्यांचं सगळं इंचात आणि पाउंडात, हे एक कारण. दुसरं म्हणजे त्यांनी धरलेला पाईप जाड, दुकानातून नवा आणलेला. बटाट्याच्या तोफेसाठी नवा पाईप आपल्याकडे कोण आणतो? चिकूच्या वाडीत झाडांना पाणी देऊन देऊन पांढरा पडलेला पाईप असतो, त्यातला तुकडा कापायचा, ही आपली रीत. आपला प्रोग्राम वेगळा होता तो या एका प्रश्नामुळे.

परत घाल. मग फोनवर नेहमीसारखं भांडू.

शितल


तलासरी,
९ एप्रिल २०१७

नितीन,

तू फोन केलास, बरं वाटलं. ठेवल्यावर मात्र बरं वाटेना, म्हणून पुन्हा कागद घेतला. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तू म्हणालास, "लोक बंद करून जातात, शितल. तीन प्रश्नांपर्यंत ठीक असतं. चौथा आला की माणूस विचार करायला लागतो."

"करू दे की."

"विचार करायला लागला की तो उठतो. आणि खरं उत्तर दिलं की लाल फुली. डहाणूत कुणाकडे आहे नवा पाईप? सगळ्यांनाच लाल फुली. मग खेळणार कोण?"

"ज्याच्याकडे नवा पाईप आहे तो."

त्यावर तू हसलास. म्हणालास, "तू ना, जन्मजात हेडमास्तरीण आहेस."

म्हणजे चुकून राहिलेला नाही. तू काढलास. मला न विचारता काढलास, हे मी अजून गिळते आहे.

तुला तो दिवस खरंच आठवत नाही का? आमच्या पाड्यावर, भाताच्या रिकाम्या शेतात, फवारणीचा पायपंप घेऊन आपण पाईप फोडत बसलो होतो. तुझ्या वाडीतून तू निरनिराळ्या वयाचे तुकडे आणलेस, प्रत्येकावर खडूने वर्षं लिहिलीस. मी प्रत्येकात पाणी भरलं, पंप मारला, काटा कुठे असताना पाईप फुटला ते सांगितलं आणि तू उतरवून घेतलंस. पाणीच भरायचं हा हट्ट माझा होता. पाण्याने फुटला तर माणूस भिजतो, हवेने फुटला तर कापला जातो. शेजारचा हाल्यामामा बांधावर बसून बिडी ओढत होता. पाईप फुटला की म्हणायचा, "हा पण मेला. याचा बारावा कधी रं?" तू इतका हसलास की तुझ्या हातातला खडू चिखलात पडला.

नवा पाईप शिक्क्याला जागला. उन्हातला, शिक्क्याच्या निम्म्यावरही टिकला नाही. शिक्का मात्र सगळ्यांवर सारखाच होता, सहा किलो.

आता तू म्हणतोस, जूनमध्ये पुण्याची स्पर्धा होऊ दे, मग परत घालतो. परीक्षकांना सुटसुटीत हवं असतं. बरं. मी म्हटलं, तोवर खालचं माझं नाव तरी काढ. 'मांडणी : नितीन. चाचणी : शितल.' जी गोष्ट मी तपासलेली नाही तिच्याखाली माझं नाव नको.

तू काय म्हणालास ते लिहून ठेवते, कारण तू विसरशील. "अगं, तुझं नाव आहे म्हणून तर आपल्याकडची पोरं वापरतात. माझ्या नावाला कोण विचारतो?"

तेव्हा मला ते कौतुक वाटलं. एक क्षणभर. त्याची आता लाज वाटते.

नाव काढ, नाहीतर प्रश्न घाल. दोन्हीतलं एक काहीतरी कर. सरावलीची पोरं गणपतीत तोफ उडवायची म्हणून आत्तापासून मापं काढायला लागली आहेत, असं वर्गातल्या एकाने सांगितलं. त्याला मी बजावलंय. बाकीच्यांना कुठे कुठे गाठू?

शितल


डहाणू,
२३ मे २०१७

नितीन,

हे दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. तुझ्या घरच्यांनी काय आणि किती सांगितलं असेल मला माहीत नाही, म्हणून सगळं सांगते.

रविवारी तुझा चुलतभाऊ नविन आणि त्याचे मित्र वाडीत तोफ उडवायला जमले. पाईप वाडीतलाच. विहिरीपासून टाकलेल्या जुन्या लाइनीचा. नविनने मोबाइलवर तोफगणित उघडलं, मापं भरली, हिरवी खूण आली. पंप मारायला हाल्यामामाला बोलावलं. तो त्या वाडीत चिकू उतरवतो, हाक मारली की येतो.

मामाने विचारलं, "यात आमची शितली हाय का?"

नविन म्हणाला, "हाय तर. ही बघ, लिहिलंय." मामाला अक्षर येत नाही. नविनने वाचून दाखवलं. चाचणी, शितल.

मग मामा पंप मारायला बसला.

पाईप फुटला. तुकडा डाव्या डोळ्यात गेला. डहाणूच्या डॉक्टरांनी पाहून वलसाडला न्यायला सांगितलं, तिथून काल रात्री परत आलो. डोळा गेला. गेला म्हणजे नुसता दिसत नाही असं नाही, काढावाच लागला. आज इथे पट्टी बदलायला आणलंय.

दवाखान्यात नविनने सांगितलं की पाण्याच्या पंपाचा पाईप फुटला. त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. नविन रडत होता, त्याला मी काही बोलले नाही. तो वाईट नाही. त्याने हिरवी खूण पाहिली आणि माझं नाव पाहिलं. चौथा प्रश्न विचारला असता तर तो थांबला असता की नाही, मला माहीत नाही. पण त्याला कुणी विचारलंच नाही.

मामी आत आहे. मी शेजारी जाऊन बसले तर उठून दुसऱ्या बाजूला गेली.

नितीन, आता कारण नको. ये.

शितल


तलासरी,
३० जुलै २०१७

नितीन,

स्पर्धेत दुसरा नंबर आला म्हणे. काकूंनी पेढे पाठवले, नविनच्या हाती. नविनने पुडा आमच्या ओट्यावर ठेवला आणि निघून गेला. मी तो उघडला नाही, टाकलाही नाही. मुंग्यांनी काय ते बघितलं.

तू आला नाहीस. फोनवर म्हणालास की एका वकील मित्राशी बोललास, त्याने सांगितलं की काहीही कबूल करू नकोस, लेखी तर नाहीच. मला म्हणालास, "तूही काही लिहू नकोस, शितल. तुझ्या भल्यासाठी सांगतो." म्हणून हे मुद्दाम लिहिते.

इथलं सांगते. वकिलाला विचारायचं काही नाही त्यात.

मामाचे हातपाय धड आहेत. पण चिकू उतरवायला त्याला जमत नाही. बांबूच्या टोकाला जाळी असलेली बेडणी तो जन्मभर न बघता चालवायचा. आता फळ एकीकडे दिसतं आणि जाळी दुसरीकडे जाते. एका डोळ्याला अंतर कळत नाही. परवा रोशनीने, त्याच्या मुलीने, आमच्या चिंचेखाली त्याला सराव करायला लावला. तो चिंचेवर बेडणी मारत होता आणि जाळी हवेतच मिटत होती. शेवटी म्हणाला, "झाड सरकला गे, रोशनी. मी तिथंच हाय." आम्ही तिघंही हसलो, मग कुणी कुणाकडे बघितलं नाही.

मी त्याला सांगायला बसले. की तो प्रश्न आधी होता, मग काढला, मी काढलेला नाही. मामाने शांतपणे ऐकून घेतलं.

"कोण काढला, कोण घातला, माला काय कळतं? तू सांग, तो पाईप तू तपासला होता का?"

"तो नव्हता तपासला."

"मंग तुझा नाव कशाला होता?"

काय सांगायचं होतं, नितीन? की माझं नाव असलं की आपल्याकडची पोरं वापरतात, असं तू म्हणाला होतास?

जानीमामी माझ्याशी बोलत नाही. तिचं घर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी आई कामाला गेली की मी तिच्याकडेच जेवायचे. आता मी अंगणात दिसले की ती चूल फुंकायला आत जाते, चूल पेटलेली असली तरी. पाड्यावर एकदा सगळे बसले होते, लग्नाच्या मांडवाचं ठरवायला. मी गेले तर मामी मोठ्याने म्हणाली, "हिला इचारा मांडवाचा. ही तपासून सांगंल, पडंल का उभा राहंल." बायका हसल्या. चुकीचं काय बोलली? माझ्या नावावर विसंबून तिच्या नवऱ्याने हात पुढे केला होता.

मी तुला पोलिसात ये म्हणत नाही. वर्तमानपत्रात छाप म्हणत नाही. पुण्यात तुझ्या परीक्षकांना सांग असंही म्हणत नाही, जरी सांगायला हवं. एकच मागते. पाड्यावर ये, मामा-मामीसमोर बस आणि सांग की तो प्रश्न शितलचा होता आणि मी काढला. एवढं एक वाक्य. ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणी बोलून उपयोगाचं नाही. मी बोलले तर ती सबब होते.

दिवाळीत तू नरपडला येशीलच.

शितल


तलासरी,
२ नोव्हेंबर २०१७

नितीन,

तू पाड्यावर जाऊन आलास.

मला रोशनीकडून कळलं, तेही चार दिवसांनी. त्या दिवशी मी वर्गावर होते, आणि तू तशीच वेळ धरून आलास, असं आता वाटतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा इतका आनंद झाला की मी रोशनीचा हात धरला. म्हटलं, आला ना? शेवटी आला ना?

रोशनीने हात सोडवून घेतला.

मग तिने सांगितलं. तू मोटारसायकल लांब उभी करून चालत आलास. मिठाईचा खोका आणलास. खाट दिली तरी जमिनीवर बसलास. मामीच्या हातचा कोरा चहा प्यालास. मामाचा हात हातात घेतलास आणि तुझ्या डोळ्यात पाणी आलं. मामी विरघळली. वाडीवाल्याचा मुलगा तिच्या सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसला होता, असं आजवर कधी झालंय?

मामाने तुलाही तेच विचारलं. शितलीचा नाव कशाला होता?

आणि तू म्हणालास, "मामा, शितलच बोलली मला. प्रश्न काढ, लोक कंटाळतात, बंद करून जातात. मी तिचं ऐकलं. माझीही चूक आहे, मी ऐकायला नको होतं."

रोशनीने हे शब्द मला जसेच्या तसे सांगितले. तिला ते कुणाचे आहेत ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. एप्रिलमध्ये तुझ्याच तोंडून ऐकले होते मी. ते तू उचलून माझ्या तोंडात घातलेस. आणि वर 'माझीही चूक आहे' म्हणून मोठेपणाही घेतलास.

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने डहाणूला उतरून रिक्षाने नरपडला गेले. काकू अंगणात पापड वाळत घालत होत्या. "नितू गेला गो, परवाच. तुला भेटला नाही?" मी पाणी प्याले आणि परत आले. काकूंना काय सांगू? त्यांनी मला कधी तुझ्याहून वेगळं धरलं नाही.

माझ्याकडे आपले मेल आहेत. चौथा प्रश्न कसा विचारायचा यावर आपण घातलेला वाद त्यात आहे, तू तो काढल्यावर मी पाठवलेला निषेधही आहे. सगळं छापून घेऊन मामीकडे गेले. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हटलं, मामी, हे रोशनीला वाचायला सांग.

मामी म्हणाली, "कागद तुझ्याकडं हायत. त्याच्याकडं पण असतील. तो माझ्या घरात बसून रडला. तू रडलीस का?"

नाही रडले. दवाखान्यात मी धावपळ करत होते, वलसाडला डॉक्टरांशी गुजरातीत बोलायला मीच होते. रडायचं राहून गेलं. ते इतकं महत्त्वाचं ठरेल, हे मला कुठे ठाऊक होतं?

आणि खरं सांगू? मामीने तुझ्यावर विश्वास ठेवला यात नवल नाही. मामाला आता तुझ्या काकांनी वाडीत रखवालीवर ठेवलं आहे, खुर्ची टाकून बसायचं काम. तुला खोटं ठरवून तिला परवडेल का? मला खोटी ठरवून तिचं काही जात नाही. घरातलीच आहे मी.

हे तू येण्याआधी हेरलं होतंस की बोलता बोलता सुचलं? एवढंच कळलं तर बरं होईल. रागाला काहीतरी एक टोक मिळेल.

शितल


तलासरी,
१८ जून २०१८

नितीन,

तुझं पाकीट मिळालं. आतल्या कागदावर सही करत नाही.

'बदल दोघांच्या संमतीने करण्यात आले' हे वाक्य खोटं आहे. तोफगणित विकत घेणारी कंपनी कोणतीही असो, ती त्याचं बागेतली पाखरं उडवायचं यंत्र करो की दिवाळीचं खेळणं. तिला माझी संमती हवी असेल तर तिने मला विचारावं.

वर्गातल्या मुलांना मी चौथा प्रश्न तोंडी शिकवते. पाईप दिसला की आधी नखाने खरवडून बघा, पांढरी पूड निघाली तर हात लावू नका. 'मॅडम, सिलॅबसमध्ये आहे का?' विचारतात. नाही, म्हणते.

कागद बिनसहीचाच परत पाठवला आहे.

शितल


तलासरी,
१७ फेब्रुवारी २०१९

नितीन,

हे शेवटचं. उत्तर नको आहे, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आणि एक मागायची आहे. बहुतेक तुला आवडेल.

गेल्या आठवड्यात लहान्या नावाचा माझा विद्यार्थी मोबाइल घेऊन धावत आला. "मॅडम, तुमचा प्रश्न!" तोफगणितची नवी आवृत्ती, कंपनीच्या नावाने. उघडल्याबरोबर पहिलाच प्रश्न, 'पाईप किती वर्षं उन्हात होता?' चौथा नाही, पहिला. उत्तर दिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. लहान्याने तीन वर्षं असं भरलं, लाल फुली आली. पाच भरलं, लाल फुली आली. तो खूष झाला. मी पण झाले. खोटं कशाला बोलू?

मग मी खाली सरकवत गेले. बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'संकल्पना, मांडणी व चाचणी : नितीन.'

आणखी खाली गेले. मग पुन्हा वर येऊन सगळं वाचलं. माझं नाव कुठेच नाही.

मी काढ म्हणत होते तेव्हा तू ते ठेवलंस. दोष येणार होता तोवर ते तिथे राहिलं. आता त्या प्रश्नाचं कौतुक होतंय, कंपनीच्या जाहिरातीत तोच ठळक छापलाय, तर तू ते पुसलंस. तुला शिव्या द्यायला मी वर्गाच्या मागच्या खोलीत जाऊन दार लावून बसले, आणि एकही शिवी सुचली नाही.

रोशनीला दाखवलं. तिने घरी जाऊन आईला सांगितलं. काय सांगितलं कोण जाणे. पण काल दुपारी मामीने हाक मारली. स्वतः, अंगणातून. दीड वर्षाहून जास्त झालं असेल तिच्या तोंडून माझं नाव ऐकून.

"शितले! येतंस का जेवायला? बोंबलाचा कालवण केलाय."

मी गेले. मामा भिंतीला टेकून बसला होता, रखवालीवरून जेवायला आलेला. मामीने ताट वाढलं, भाकरी मोडून दिली, जशी लहानपणी द्यायची. मग समोर बसली.

"रोशनी सांगत होती. त्याच्यात आता तुझा नाव नाय?"

"नाही."

"पुसला?"

"पुसला."

"बरा झाला," मामी म्हणाली. "सुटलीस. मी बोलायची ना रोशनीच्या बापाला, त्या पोरीचा नाव त्याच्यात हाय तवर माझ्या घरात पाय नको. आता नाय तर नाय. खा."

मी घास खाली ठेवला. म्हटलं, आता तरी बोलून टाकावं. "मामी, तो प्रश्न पहिल्यापासून माझाच होता. मी काढायला सांगितलेला नव्हता. तो खोटं बोलला तुमच्याशी. आता तोच प्रश्न त्याने परत घातला आणि माझं नाव पुसलं."

मामीने मामाकडे पाहिलं. मामा जेवत होता.

"असंल," मामी म्हणाली. "कालवण निवतोय."

"मामी, खरंच..."

"अगो, असंल म्हटला ना. तुझा असंल, त्याचा असंल. त्या मेल्या प्रश्नानं माझ्या घरात काय आणला ते मी बघितलाय. तू त्याच्यातनं बाहेर आलीस, माला तेवढा पुरे. आता परत त्याच्यात जाऊ नको."

मामा त्यावर म्हणाला, "जेवू दे गे तिला. बोलायला काय, संध्याकाळ हाय." मग माझ्याकडे वळून, "माला ठावं हाय," एवढंच बोलला. काय ठाऊक आहे ते मी विचारलं नाही. त्याला माझं पटलंय, की त्याला वाटतं की असंच म्हणावं, हे मला अजून कळलेलं नाही. मी सगळं ताट संपवलं. मामीने पुन्हा वाढलं तेही संपवलं.

रात्रभर विचार केला. तू ते एक वाक्य बोलला असतास तर मी त्या दारातून ताठ आत गेले असते. तू माझं नाव पुसलंस म्हणून वाकून आत गेले. पण गेले. भाकरी तीच होती.

लहान्या म्हणतो, मॅडम, तक्रार करा. तुमच्याकडे मेल आहेत, कंपनीला पाठवा, नाव परत घालावं लागेल त्यांना. खरं आहे, घालावं लागेल. पहिल्या दिवशी मीही तेच ठरवलं होतं, पत्र अर्धं लिहून झालं होतं. ते आज फाडलं.

म्हणून मागते ते हे. कधी तुला अपराधी वाटलं, म्हातारपणी वगैरे, आणि चांगलं वागावंसं वाटलं, तर माझं नाव परत घालू नकोस. रोशनीला मोबाइल वाचता येतो. ती आईला सांगेल, आणि ते दार पुन्हा बंद होईल.

प्रश्न मात्र आहे तिथेच राहू दे. पहिला.

शितल